टेबलावरचं खोकं आणि आपण

साताऱ्याच्या सदाशिव पेठेत जा नाहीतर सांगलीच्या विश्रामबागेत, मुलगा शिकायला किंवा नोकरीला पुण्याला गेलेल्या घरात एक दृश्य हटकून दिसतं. कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचा कॉम्प्युटर, त्यावर जुन्या ओढणीचं किंवा क्रोशाचं आच्छादन आणि शेजारी एखादी फुलदाणी! जाताना मुलगा बजावून गेलेला असतो, "आई, त्याला हात लावू नकोस हं, काहीतरी बिघडेल." आणि आईही इतकी गुणी, की खरंच हात लावत नाही. रोज वरून फडकं तेवढं फिरवते.

आता गंमत पाहा. याच घरात, याच आईचं शिलाई मशीन असतं. बॉबीनमध्ये दोरा गुंतला तर ती कुणाला बोलावत नाही. पट्टा सैल झालेला तिला पायाला कळतो. सुई मोडली तर बदलते, महिन्या-दोन महिन्यांनी तेल घालते, आणि मशीन वेगळाच आवाज करायला लागलं तर कान देऊन ऐकते. हे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नसतं. मशीनच्या भागांची नावं आणि कोणता भाग काय काम करतो, एवढंच तिला ठाऊक असतं. म्हणून तर ते मशीन तिचं असतं.

कॉम्प्युटरचं याहून फार वेगळं नाही. आणि तो मुलाचा न राहता आपला होणं हा काही नुसता हौसेचा मामला नव्हे. बचत गटाच्या अध्यक्ष, सचिव झालेल्या आपल्यापैकी कितीतरीजणी हिशेबाचं रजिस्टर हाताने लिहितात आणि वर्षाअखेर बँकेला द्यायचा तक्ता मुलाकडून, भाच्याकडून, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतात. पैसे वीस बायकांचे, जबाबदारी आपली, आणि आकडे मात्र दुसऱ्याच्या सवडीवर. भाच्याची परीक्षा असली की गटाचं कर्जप्रकरण थांबलं! हे काही बरं नाही.

"मोबाईल आहे की," असं कुणी म्हणेल. आहेच, आणि विचारपूस करायला, फोटो पाहायला, पैसे पाठवायला तो उत्तमच. पण वीसजणींचे हप्ते, व्याज, दंड असे रकाने आखायचे तर तळहाताएवढ्या पडद्यावर डोळे फुटायची वेळ येते. त्याला मोठा पडदा आणि दहा बोटांना पुरेल एवढा कीबोर्डच हवा.

हे काम आपल्याला जमायचं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडकडे पाहावं. माण तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांसह महिलांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर सह्यांऐवजी अंगठेच फार म्हणून रिझर्व्ह बँकेने तो परत पाठवला. मग बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता बसवा, बघू कुणाचं आधी होतंय! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. पुढे याच संस्थेने ग्रामीण बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली, तिचे वर्ग बसगाडीतूनही गावोगाव फिरले, आणि त्यांत शिवणाबरोबर कॉम्प्युटरही आला. व्याज तोंडी काढणाऱ्या बाईला कॉम्प्युटरने घाबरायचं काय कारण?

दुसरं उदाहरण आपल्या प्राथमिक शिक्षिकांचं. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारने नोकरीतल्या लोकांना संगणकाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत होती, आणि ती चुकली तर वेतनवाढीवर गदा. तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या बाईसुद्धा शाळा सुटल्यावर, पदर खोचून, नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून माऊस धरायला शिकल्या. सक्तीबद्दल तेव्हा कुरकुर फार झाली, आणि ती अगदीच गैर होती असंही नाही. पण शिकल्या त्या शिकल्याच.

तर आता ते आच्छादन काढू या.

खोक्याच्या आत

पहिली गोष्ट, खोक्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात. दुकानदार म्हणतो, मुलगा म्हणतो, आपणही म्हणतो. खरं म्हणजे ते नुसतं खोकं, म्हणजे कॅबिनेट. सीपीयू किंवा प्रोसेसर ही आत बसवलेली, साधारण बिस्किटाएवढी चौकोनी चकती. सगळी आकडेमोड तीच करते. स्वयंपाकघराच्या भाषेत ती सुगरण. ती कामाला लागली की तापते, म्हणून तिच्या डोक्यावर पंखा बसवलेला असतो. खोक्यातून जो घूंऽऽ आवाज येतो तो बहुतेक पंख्यांचाच. हा फरक माहीत असला की "सीपीयू बदलावा लागेल" असं कुणी म्हणालं तर आपण विचारू शकतो, "म्हणजे नक्की काय? प्रोसेसर, की आणखी काही?" एवढ्या एका प्रश्नाने बिलाची रक्कम बदलू शकते.

सुगरण ज्यावर उभी राहून काम करते तो ओटा म्हणजे रॅम. पट्टीसारखी लांबट हिरवी पाटी असते, मदरबोर्डवरच्या खाचेत उभी खोचलेली. ओटा जेवढा ऐसपैस तेवढी एका वेळी जास्त भांडी मांडता येतात. रॅम जीबीमध्ये मोजतात. आजच्या घरगुती कामाला ८ जीबी असली की पुरते, ४ जीबीवर कॉम्प्युटर रेंगाळतो. जुना कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून तो टाकून द्यायच्या आधी ओटा वाढवता येतो का ते विचारावं. कितीतरी वेळा तेवढ्याने काम भागतं.

पण ओट्याचा एक नियम आहे, आणि या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही. वीज गेली की ओटा साफ! त्यावर मांडलेलं सगळं गेलं. दीड तास बसून टाईप केलेला हिशेब लाईट जाताच नाहीसा झाला, असं ज्यांच्या बाबतीत घडतं त्या "कॉम्प्युटरने खाल्लं" म्हणतात. कॉम्प्युटरने खाल्लेलं नसतं. ते ओट्यावरच होतं, फडताळात ठेवलेलं नव्हतं.

हे फडताळ म्हणजे हार्ड डिस्क किंवा नवीन पद्धतीची एसएसडी. इथे ठेवलेलं वीज गेली तरी राहतं. ओट्यावरचं फडताळात ठेवायचं म्हणजे 'सेव्ह' करायचं: कीबोर्डवरचं 'कंट्रोल' बटण दाबून धरायचं आणि 'एस' दाबायचं. नव्या सोयींमध्ये काही कामं आपोआपही सेव्ह होतात, पण त्यावर विसंबू नये. दर दोन-चार ओळींनी कंट्रोल-एस. पोळीला जसं नकळत तेल लावतो तसा हा हाताचा चाळा व्हायला हवा.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकाकणाऱ्या तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. म्हणून चालू कॉम्प्युटर हलवू नये, आपटू तर नयेच. तिच्यातून 'टक्‌ टक्‌' असा आवाज येऊ लागला तर ती म्हातारी झाली असं समजावं आणि त्याच दिवशी सगळ्याची दुसरी प्रत काढावी. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती शांत आणि भराभर चालते. फडताळ पुरेल का, ही काळजी मात्र उगीचच असते. वीसजणींच्या गटाचा दहा वर्षांचा हिशेब मोबाईलवरच्या एका फोटोपेक्षाही कमी जागेत मावतो. जागा खातात ते फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ.

हे सगळे भाग ज्या मोठ्या पाटीवर बसवलेले असतात तिचं नाव मदरबोर्ड. नाव ठेवणाऱ्याला विचार करून सुचलं असेल की सहज, कोण जाणे. पण सगळ्यांना धरून ठेवायचं, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा, आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघायचं नाही, हे वर्णन तंतोतंत जुळतं. मदरबोर्डवर रुपयाएवढा चपटा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असतानाही तारीख-वेळ सांभाळायचं काम त्याचं. काही वर्षांनी तो संपतो. मग रोज सकाळी कॉम्प्युटर भलतीच जुनी तारीख दाखवतो, आणि तारीख चुकली की बँकेचं पानही उघडत नाही. पुष्कळजणी अशा वेळी कॉम्प्युटर बिघडला म्हणून दुकानात पाठवतात. 'सीआर २०३२' असं त्या सेलवर लिहिलेलं असतं; घड्याळाच्या दुकानात मिळतो आणि फार महाग नसतो.

राहिला तो मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा, ज्यात भिंतीवरची वायर जाते. त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज तो आतल्या नाजूक भागांना सोसेल अशी १२, ५, ३.३ व्होल्ट करून देतो. बाकी खोकं वायर काढून खुशाल उघडून बघा, पण हा डबा कधी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठलेली असते.

बाहेरच्या भागांची ओळख बहुतेकींना असतेच. पडदा म्हणजे मॉनिटर. त्याचं बटण वेगळं, वायर वेगळी. "कॉम्प्युटर सुरूच होत नाही" अशा तक्रारींत मॉनिटरचं बटण बंद असणं किंवा मागची वायर सैल असणं हे कारण फार वेळा निघतं. पंखा फिरतोय आणि पडदा काळा आहे, तर आधी वायर घट्ट बसवून पाहावी. वायरी गोंधळात टाकतात म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवावा, आणि त्या खाचेजवळ त्याच रंगाची टिकली लावावी. झाडलोट करताना सगळं सोडवलं तरी परत जोडायला कुणाची वाट बघावी लागत नाही. माऊसचा हात बसायला पत्त्यांचा खेळ नाहीतर 'पेंट'मध्ये ठिपक्यांची रांगोळी, दोन्ही चांगली. आठवडाभरात हात सरावतो.

विजेची कथा

आपल्या भागात कॉम्प्युटरचा खरा शत्रू म्हणजे वीज. याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत कॉम्प्युटर बसवायचा मोठा प्रकल्प सुरू झाला. वाळवा, शिराळ्याकडची गावंही त्यात होती. शेतकऱ्याने गावातच जाऊन आपल्या उसाचं वजन, बिल, पुढची तारीख पाहावी, ही कल्पना. कौतुक खूप झालं. पण मशीनं सांभाळायचा खर्च डोईजड होत गेला. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी साध्या मोबाईलवरून संदेश पाठवून तीच माहिती मिळवायचा प्रयोग झाला, आणि तो स्वस्तही पडला. वजन विचारायला मोबाईल पुरला, यात नवल नाही. पण यावरून एवढं कळतं, की कॉम्प्युटर घेणं सोपं. त्याला जपणं हेच खरं काम.

जपायचं म्हणजे काय? पहिलं, भिंतीवरचं सॉकेट तीन पिनांचं आणि अर्थिंग नीट असलेलं हवं. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्यावं. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसायची आपल्याकडे जी रीत आहे, ती इस्त्रीलाही वाईट आणि कॉम्प्युटरला तर फारच. दुसरं, यूपीएस. त्यात छोटी बॅटरी असते आणि लाईट गेल्यावर ती साधारण दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्युटर चालवते. ही मिनिटं काम पुढे रेटायला नसतात. पीं-पीं ऐकू आलं की कंट्रोल-एस आणि मग रीतसर बंद! यूपीएसला लेसर प्रिंटर किंवा दुसरं जड यंत्र लावू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. यूपीएस दोन मिनिटांतच मान टाकू लागला की वेळ झाली.

आणि वळवाचा पाऊस! एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला माणदेशावर किंवा जत, कवठेमहांकाळकडे आभाळ भरून येतं आणि विजा कडाडतात. तेव्हा यूपीएसवर भरवसा न ठेवता प्लगच उपटून ठेवावा, इंटरनेटची वायरसुद्धा. वाळवण गोळा करायला धावतोच ना आपण, त्याच धावपळीत हेही.

धूळ आणि पाणी

पंखा हवेबरोबर धूळही आत ओढतो. माणची माती, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पूड, कारखान्याच्या धुराड्यातून उडणारी काजळी, सगळी आत जाऊन प्रोसेसरवर गोधडीसारखी बसते. मग सुगरण तापते, कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. तीन-चार महिन्यांतून एकदा वायर काढून, बाजूचं झाकण उघडून, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. रंगाचा नवा ब्रश चांगला. ओलं फडकं आत न्यायचं नाही. सुरू करताना 'टूं टूं' आवाज येऊन पडदा काळाच राहिला, तर बहुधा रॅमची पट्टी हललेली असते. प्लग काढून ती अलगद बाहेर घ्यायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, आणि 'खट्‌' आवाज येईपर्यंत परत बसवायची. दुरुस्तीवालाही पहिल्यांदा हेच करतो.

पाण्याचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ चे पूरही लक्षात आहेत. अशा वेळी माणसं आणि गुरं आधी, हे खरंच. पण गटाची वह्या-रजिस्टरं भिजली की वर्षानुवर्षांचा कुणाचा किती हप्ता हा वादाचा विषय होऊन बसतो, आणि तोही सगळ्याजणी आधीच मोडून पडलेल्या असताना. म्हणून खोकं जमिनीवर कधी ठेवू नये. पाणी शिरलेलं मशीन वाळल्यासारखं दिसलं तरी सुरू करू नये. जाणकाराकडून हार्ड डिस्क काढून घ्यावी, कधीकधी आतलं वाचतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे दुसरी प्रत. बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर महिन्याच्या महिन्याला हिशेब उतरवून तो दुसऱ्या घरात ठेवावा, त्याच कपाटात नव्हे. माहेर सातारचं असेल तर फारच सोयीचं. कृष्णेचंही माहेर सातारा जिल्ह्यातच, महाबळेश्वरला. तिथून वाई, कऱ्हाड करत ती सांगलीत येते आणि मग पसरते. आपण निदान हिशेबाची एक प्रत तिच्या माहेरी ठेवावी!

दुकानात जाताना

जुना कॉम्प्युटर दाखवायला नेला की हल्ली एक वाक्य ऐकू येतं, "हा आता चालायचा नाही, नवीन घ्या." यात अर्धं तथ्य आहे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षेची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि बऱ्याच जुन्या मशीनांवर विंडोज ११ बसत नाही. अशा कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरं. पण त्याच्यावर 'लिनक्स' ही फुकट मिळणारी प्रणाली बसवता येते, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की पाच-सात वर्षांचा कॉम्प्युटरही तरतरीत होतो. दुरुस्तीला देण्यापूर्वी आतल्या रॅमवर, डिस्कवर काय लिहिलंय ते कागदावर उतरवावं, मोबाईलने फोटोही काढून ठेवावा, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. सोनाराकडे दागिना देताना वजन करून देतोच की आपण. राग कुणाला यायचं कारण नाही.

इंग्रजी येत नाही ही अडचणही दिसते तेवढी मोठी नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीतून मराठी जोडली, की विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी-इंग्रजी अशी अदलाबदल होते. या मराठी कीबोर्डच्या मांडणीला 'इन्स्क्रिप्ट' म्हणतात आणि ती आपल्या बाराखडीवरच बेतलेली आहे. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या, उकार. उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'के'च्या बटणावर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. त-थ, द-ध, प-फ, ब-भ अशाच जोड्या. ज्या बाईने शाळेत मोठ्याने बाराखडी म्हटली आहे, तिच्या बोटांना हे दहा-पंधरा दिवसांत पाठ होतं. सुरुवातीला बटणांवर पांढऱ्या कागदाच्या चिकटपट्ट्या लावून अक्षरं लिहून ठेवावीत.

पहिला शब्द सांगलीचाच घ्या, हळद. काना नाही, वेलांटी नाही, तीनच बटणं. 'यू' म्हणजे ह. शिफ्ट धरून 'एन' म्हणजे ळ. 'ओ' म्हणजे द. आणि लिहून झालं की कंट्रोल-एस.